मोजणीसाहेबांचं सोलापूर, नवी आवृत्ती

मोजणीसाहेबांच्या बसमध्ये एकदा बसलं की मधे उतरता यायचं नाही. बस टीव्हीच्या पडद्यावर होती आणि आपण त्यांच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर होतो, तरीही नाही. कुंभारीहून निघालेली बस स्टेशनला पोचेपर्यंत चाळीस मिनिटं लागत. तेवढा वेळ चहा नाही, फोन नाही, बोलणं नाही. कुणी उठलंच तर साहेब ब्रेक मारत, बसचं दार उघडत आणि मागं न बघता म्हणत, "उतरा. सावकाश उतरा. पाय टेकला की सांगा." मग तो माणूस चपला घालून फाटकाबाहेर जाईपर्यंत बस जागेवर उभी, पडद्यावरच्या मागच्या गाड्या हॉर्न मारतायत आणि आम्ही उरलेले प्रवासी उतरणाऱ्याकडं डोळे वटारून बघतोय. मी तीन वर्षं त्यांची भाडेकरू होते. तेवढ्या काळात कुंभारी ते स्टेशन शंभर वेळा तरी गेले असेन. खऱ्या बसनं एकदाही नाही.

साहेबांनी सगळी नोकरी जमीन मोजण्यात घालवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अक्कलकोट रोडच्या आमच्या गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, मोजणीसाहेबच. स्टीलची टेप खिशात, दोन पेन्सिली कानावर, आणि तोंडात एक वाक्य कायम: "अंदाज म्हणजे आळशी माणसाची टेप."

मी उजनीच्या काठच्या गावाची. सोलापुरात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली आणि यांची वरची खोली बघायला आले. बाई कशी आहे, एकटी का राहते, काय खाते, असलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "पलंग केवढा हाय?"

"साधाच आहे."

"साधा म्हणजे किती बाय किती?"

मी गावाकडं फोन लावला. भावानं पलंग मोजला, मला सांगितलं, मी साहेबांना सांगितलं. ते डोळे मिटून उभे राहिले. "दार उघडल्यावर चार इंच उरतील. बसतंय. या राहायला."

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणत असू. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझ्या लग्नात यांनी आंतरपाट मोजला हुता. दोन बोटं कमी भरला म्हणून मुहूर्त टळायची पाळी आली हुती." साहेबांनी दुरुस्ती केली, "दोन बोटं न्हाय. पावणेदोन इंच."

तर असा माणूस निवृत्तीनंतर बसच्या गेमकडं कसा वळला, हे मला कधी नीट कळलं नाही. कुणाच्या तरी लग्नात एक पाहुणा फोनवर बस चालवताना त्यांना दिसला म्हणे. रस्ता परदेशातला होता. साहेबांनी विचारलं, या रस्त्याची रुंदी किती? पाहुण्याला सांगता येईना. त्यावरून सुरुवात झाली. त्या गेममध्ये आपापल्या गावचे रस्ते बनवून घालता येतात, आणि मग जगातलं कुणीही त्यावर बस चालवू शकतं, एवढं कळल्यावर साहेबांनी कॉम्प्युटर घेतला, स्टिअरिंग घेतलं आणि कुंभारी ते सोलापूर स्टेशन हा रस्ता मोजायला काढला.

मोजायला म्हणजे खरोखर मोजायला. ते सकाळी चाक लावलेली काठी घेऊन निघत, रस्त्याच्या कडेनं ती फिरवत जात आणि वहीत आकडे लिहीत. तिसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडवर बोंब झाली की रस्तारुंदी येतेय. पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, हातात वही, तोंडानं एक शब्द नाही; हा माणूस गेमसाठी मोजतोय असं कुणाच्या मनात येणार? आठवड्याभरात दुकानांपुढचे पत्रे निघाले, पायऱ्या फुटल्या, एका हॉटेलवाल्यानं भजीची कढई रस्त्यावरून आत नेली. शेवटी कुणीतरी धीर करून विचारलं, "साहेब, किती फूट जाणार?"

"कशाचं?"

"रस्त्याचं की."

"जातंय कशाला? मी बस चालवणार हाय हितनं. कॉम्प्युटरात."

दुसऱ्या दिवशी कढई परत बाहेर आली. साहेब मात्र चिडले. पत्रे आत होते तेव्हाची मोजमापं वाया गेली होती. त्यांना सगळं पुन्हा मोजावं लागलं.

पण खरी मजा पुढंच होती. रस्ता झाला, मग रस्त्याकडेची घरं आली. गल्लीच्या तोंडाशी साहेबांनी एक बसथांबा टाकला. तो खऱ्यात नव्हता. "मंजूर व्हायला पायजे हुता," एवढंच त्यांचं उत्तर. दर रविवारी दहा वाजता पडवीत टीव्ही लावून ते बस काढत, या थांब्यावर थांबत, खाली उतरून गल्लीतून एक चक्कर मारत आणि मग बस पुढं नेत. माणसं आपलं घर पडद्यावर बघायला येऊ लागली. आपल्या दाराचा रंग, आपली मोरी, आपली वाळत घातलेली सतरंजी. ज्यांना शेजारी ओळखत नाहीत अशीही माणसं स्वतःचं घर टीव्हीवर बघून हरखायची.

हे साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांच्या हातात सत्ता आली.

पहिली आहुती रफिकभाईंची. कोपऱ्यावर त्यांचं गॅरेज. गाडी दुरुस्त झाली की हॉर्न वाजवून बघायची त्यांना सवय. साहेबांनी तीनदा सांगितलं, रफिकभाईंनी तीनदा "हौ साहेब" म्हटलं आणि चौथ्यांदा हॉर्न वाजवला. पुढच्या रविवारी गॅरेजच्या जागी कडुलिंब होता. त्यानंतर पिठाच्या गिरणीचे आण्णा गेले, कारण त्यांनी गहू जाडसर दळले. ते मात्र दोन आठवड्यांत परत आले. त्या दोन आठवड्यांत काकूंचा डबा रांगेत न थांबता दळून मिळत होता, आणि पीठ असं की पावडरीसारखं हाताला लागायचं. गल्लीत म्हण पडली: "जपून रहा, न्हायतर लिंब हुशील." हसत हसत म्हणायचे, पण जपूनच राहायचे. माझ्याच शाळेतल्या एका बाईंनी, त्या याच गल्लीत राहायच्या, घराला नवा रंग दिल्यावर आधी साहेबांना पेढा नेऊन दिला आणि मग सत्यनारायण घातला.

एक घर मात्र पहिल्यापासूनच नव्हतं. साहेबांच्या घराला लागून, मधे फक्त तीन फुटांचा बोळ. तिथं त्यांचे सख्खे धाकटे भाऊ राहत. त्यांना सगळे आप्पा म्हणत; टॉवेलच्या कारखान्यात आयुष्यभर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते. पडद्यावर त्या जागी रिकामा प्लॉट आणि बाभळी दिसत.

ही गोष्ट मला काकूंनी दुपारी निवडण करताना सांगितली. बारा वर्षांपूर्वी आप्पांनी गच्चीवर जायला बाहेरून सिमेंटचा जिना बांधला. साहेबांनी टेप टाकली आणि सांगितलं, नऊ इंच बोळात आलाय. आप्पांनी फेरमोजणी मागितली नाही, भांडण काढलं नाही. "दादा म्हणतोय म्हणजे आसंलच," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं पहार घेऊन जिना पाडला. त्या दिवसापासून ते भावाशी बोलले नाहीत. घराच्या मागं लोखंडी शिडी लावली. ती अगदी खडी होती. आप्पांच्या बायकोला, धाकट्या काकूंना, पापड घेऊन त्या शिडीवरून चढताना मी वरच्या गॅलरीतून रोज बघायची. दोन पायऱ्या चढल्या की थांबायच्या, गुडघा चोळायच्या, मग पुढची. एकदा त्या शिडीवरून पडल्याही होत्या. तेव्हापासून डावा गुडघा धड वाकत नव्हता.

"पण जिना बाहेर आला होता ना?" मी विचारलं होतं.

काकूंनी ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "यांनी मोजलं हुतं," त्या म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग त्या गेमचं नवं व्हर्जन आलं.

साहेबांनी आधी दुर्लक्ष केलं. पण त्यांच्या रस्त्यावर येणारी माणसं कमी व्हायला लागली. परदेशात ट्रक चालवणारा, मूळचा सोलापूरचा एक माणूस त्यांना नेहमी लिहायचा. त्यानं लिहिलं, "काका, नव्यात आणा. जुना गेम माझ्या कॉम्प्युटरवर आता चालत नाही. रविवारी शांती चौकातून गेल्याशिवाय करमत नाही." साहेबांनी त्याला उत्तर पाठवलं: "आपण टाकलेल्या व्हिडिओत आपण शांती चौकात सिग्नल तोडलेला आहे. असे पुन्हा होऊ नये. नवीन आवृत्तीचे काम हाती घेत आहे."

आणि माझ्या खोलीचं दार वाजलं. "मॅडम, तुमी कॉम्प्युटर शिकवता न्हवं?"

"हो साहेब."

"मग आता शिका."

दोन महिने माझ्या शाळेनंतरच्या संध्याकाळी त्यात गेल्या. जुना रस्ता नव्या गेममध्ये आणायला एक सोय दिलेली होती. बटण दाबायचं, ती फाइल उचलून आत घ्यायची. पहिल्यांदा दाबलं तेव्हा जे सोलापूर उघडलं ते बघून साहेब खुर्चीतून उठले. नव्या गेमला आपली झाडं ओळखता आली नव्हती, म्हणून त्यानं स्वतःकडची लावली होती. कुंभारीपासून शांती चौकापर्यंत दुतर्फा देवदार. वाटेतल्या तलावात पाण्याचा थेंब नव्हता. अर्धी दुकानं झगझगीत गुलाबी.

"तलावाचं राहू द्या," साहेब जरा वेळानं म्हणाले. "मे महिना म्हणता येतंय. देवदार काढा."

मूळ फाइलमध्येच एकेक झाड बदलून ते काढले. झाडं तेराशे बारा होती. त्यांच्या वहीत आकडा होता. दुसरं संकट मोठं होतं. सगळी घरं, खांब, टपऱ्या जमिनीपासून दीड हात वर तरंगत होती. जुन्या आणि नव्या गेममध्ये जमिनीची उंची धरायची पद्धत वेगळी होती. सबंध अक्कलकोट रोड अधांतरी! साहेब ते बघून दोन घास कमी जेवले, असं काकू म्हणाल्या. मी मदतीच्या पानांवर शोधाशोध केली आणि शनिवारी दुपारी मला उपाय सापडला. फाइल आत घेताना एक प्रश्न विचारला जातो: सर्व वस्तू जमिनीवर टेकवायच्या का? आम्ही दर वेळी तो ओलांडून पुढं जात होतो. मी 'हो' केलं. पुन्हा सगळं आत घेतलं. कुंभारीच्या थांब्यावरचे दोनचार खांब बघितले, ते छान जमिनीवर उभे होते.

पुढं जाऊन बघायची मला मनाई होती. "पहिली फेरी मीच मारणार," साहेबांनी बजावून ठेवलं होतं. "उद्या. सगळ्यांसमोर."

उद्घाटन रविवारी दहाला. मंडपवाल्याकडून खुर्च्या आल्या. गल्लीतली झाडून सगळी माणसं आली, झाड झालेले रफिकभाईसुद्धा. काकूंनी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पातेलंभर सुशीला केला होता, तो स्टेशन आल्यावरच मिळणार होता. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि बस सोडली.

पहिली काही मिनिटं फार सुंदर गेली. नव्या गेममध्ये उजेड खराच वाटत होता. लोक "आरारारा" म्हणत होते. मग रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान आलं. आण्णा गिरणीवाले पुटपुटले, "हे तर गेल्या वर्षी काढलं हुतं की." साहेब खाकरले. मग एक रसवंती आली, तीही काढलेली होती. मग एक डॉक्टरांचा दवाखाना. या डॉक्टरांनी साहेबांना साखर सोडायला सांगितली होती. साहेबांनी बसचा वेग वाढवला. तीस किलोमीटरच्या वर गेलेली बस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

"साहेब, गल्ली आली की," कुणीतरी म्हणालं.

"आज थांबायचं न्हाय. उशीर झालाय."

"वेळापत्रकात थांबा हाय न्हवं?" आण्णा म्हणाले. "तुमीच लावलंय फाटकावर. दहा वाजून अठरा मिनिटं."

वेळापत्रक मोडणं साहेबांच्यानं झालं नाही. बस थांबली. दार उघडलं. साहेब पडद्यावर खाली उतरले आणि गल्लीत शिरले, आणि कडुलिंबाच्या बुंध्यातून अर्धं बाहेर आलेलं रफिकभाईंचं गॅरेज समोर उभं राहिलं. आतला ग्रीसचा डबा, बाहेरचा फाटका सोफा, सोफ्यावरची मांजर, काही म्हणता काही सुटलेलं नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर होते, म्हणून मला आधी कळलं. साहेबांनी कधीच कुणाला काढलं नव्हतं. ज्याच्यावर राग धरला त्याचं घर उचलून दहा मीटर जमिनीखाली ढकललं होतं आणि वर झाड लावलं होतं. मी 'हो' म्हणून सगळं जमिनीवर टेकवलं होतं. जे वर तरंगत होतं ते खाली आलं, आणि जे खाली पुरलेलं होतं ते वर आलं.

रफिकभाई उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "क्या साहेब, हमकू जीतेजी दफना दिये थे क्या?"

पडवी हसून हसून फुटली. साहेब एकटे हसले नाहीत, कारण पुढं काय आहे ते त्यांना एकट्यालाच माहीत होतं. ते मागं वळायला बघत होते, पण आण्णा ओरडले, "आरं, आप्पाचं घर!"

बाभळींच्या मधून आप्पांचं घर उभं होतं. स्वतःच्या घराला साहेबांनी नुसत्या चार भिंती आणि एक गॅलरी दिली होती. आप्पांच्या घराला झोपाळा होता, झोपाळ्याच्या कड्यांना गंज होता. तुळस होती. निळं पिंप होतं. दोरीवर पट्ट्यापट्ट्यांचे टॉवेल होते. दारावर दोघा भावांच्या वडिलांच्या नावाची पाटी होती. आणि कडेला, बारा वर्षांपूर्वी पाडलेला सिमेंटचा जिना होता.

कुणीतरी बोळातून हाक मारली, "आप्पा, या, तुमचं घर आलं टीव्हीवर!" आप्पा आले. भावाच्या फाटकातून आत यायला त्यांना बारा वर्षं लागली होती. ते आत आले आणि पडवीच्या पायरीशी थांबले. चपला काढल्या नाहीत.

"जिना हाय," ते म्हणाले.

पडद्यावर जिना आणि बोळ शेजारी शेजारी होते, मधे हद्दीची पिवळी रेघ. साहेब हद्दी नेहमी पिवळ्या रेघेनं दाखवत.

"मोजून बघा की साहेब," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात जाडसर दळणाचा सूड होता.

"नवीन व्हर्जन हाय हे," साहेब म्हणाले. "भरवसा न्हाय याचा. चला, बस सुटतीय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमाला येतं का यात मोजायला?"

माऊस माझ्या हातात होता. साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते स्टिअरिंगवरचं हळदकुंकू बोटानं पुसत होते. मला माझी खोली आठवली, पलंगापुढचे चार इंच आठवले. आणि रोज शिडीवर दोन पायऱ्यांनंतर थांबणाऱ्या धाकट्या काकू आठवल्या. मी पिवळ्या रेघेवर एकदा टिचकी मारली आणि जिन्याच्या कडेवर एकदा.

"साडेसात सेंटिमीटर," मी म्हणाले. "म्हणजे तीन इंच."

"बाहेर?"

"आत, आप्पा. तुमच्या हद्दीत. आत."

आण्णांनी बोटं मोडत हिशेब केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला, "नऊ बाहेर म्हणले हुते. तीन आत हाय. म्हणजे बरोबर एक फूट! साहेबांनी टेपवर एक फूट चुकीचा वाचला!"

नवशिका माणूस करतो ती चूक. साहेबांनी आयुष्यभर हाताखालच्यांना जिच्यासाठी फाडून खाल्लं असेल, ती.

"जुन्यातनं नव्यात आणताना सरकलं आसंल," साहेब म्हणाले.

"सरकलं असतं तर सगळंच सरकलं असतं, साहेब," मी म्हणाले. हे म्हणायची काही गरज नव्हती. पण दोन महिने माझ्याकडून देवदार काढून घेतले होते त्यांनी.

आप्पा आले तसे गेले. साहेबांनी उठून टीव्ही बंद केला. बस भर रस्त्यात उभी राहिली आणि पहिल्यांदाच सगळे प्रवासी मधेच उतरले. सुशीला कुणी खाल्ला नाही. तीन दिवस आम्ही दोघी तो संपवत होतो.

त्याच दुपारी काकूंनी उरलेलं सांगितलं. सात वर्षांपूर्वी आप्पा सगळ्या घरादारासह गावच्या जत्रेला गेले होते. साहेब बोळात उतरले. पाडलेल्या जिन्याच्या खुणा भिंतीवर आणि फरशीवर अजून होत्या. गेमसाठी माप पाहिजे होतं. "एकदा टेप टाकली. मग परत टाकली. मग मला बोलावलं, म्हणाले दुसरं टोक घट्ट धर. तिसऱ्यांदा मोजलं आणि आत येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवसापासनं त्यांचं घर बनवायला घेतलं. महिनाभर बनवत हुते. आणि मग एक दिवस म्हणाले, जमंना झालंय, काढून टाकलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दुसरं टोक मीच धरलं हुतं की."

"मग धाकट्या काकूंना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मला बी लिंब केलं असतं," काकू म्हणाल्या. पण हसल्या नाहीत, आणि लगेच उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या दारात. "महिनाअखेर खोली रिकामी करा."

"का, साहेब?"

"तुमच्या कुंड्या गॅलरीच्या बाहेर दोन इंच आल्यात."

मी त्यांच्यासमोर कुंड्या आत ओढल्या. ते बघत राहिले. "प्रश्न कुंड्यांचा न्हाय. वृत्तीचा हाय."

जायचंच होतं, म्हणून विचारून घेतलं. "साहेब, एवढा राग होता तर ती घरं पुसून का नाही टाकली? जमिनीखाली का ठेवली?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "मोजलेलं पुसायचं नसतं, मॅडम. फार तर फाइल खाली ठेवायची."

माझा टेम्पो भरत होता त्या दिवशी आप्पांकडं गवंडी आला होता. त्याच जागी, जुन्या खुणांवर, जिना बांधायला घेतला होता. आप्पांनी कुणाला विचारलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. गल्ली कामं टाकून बघत होती, कारण साहेब गॅलरीत उभे होते. अर्धा तास गप्प उभे होते. मग राहवलं नाही.

"ए गवंडी! पायरी केवढी धरलीय?"

"आठ इंच, साहेब."

"सात कर. आठ इंचाच्या पायरीनं बाईमाणसाचे गुडघे जातात, अक्कल हाय का न्हाय?"

गवंड्यानं आप्पांकडं बघितलं. आप्पा वाळूची पाटी घेऊन उभे होते. त्यांनी वर बघितलं नाही. "सात कर," ते गवंड्याला म्हणाले. "पायऱ्या दोन वाढतील. वाढू दे." साहेब आत निघून गेले. त्यांनी माफी मागितली का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. त्यांच्या परीनं ते गवंड्याशी बोलले होते. भावाशी नाही, भावजयीशी तर नाहीच. बारा वर्षं एक बाई ज्यांच्यामुळं शिडी चढली, त्यांनी गुडघ्यांवर व्याख्यान दिलं ते गवंड्याला.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात राहायला गेले. तीनचार महिन्यांनी त्या परदेशातल्या ट्रकवाल्याचा निरोप दिसला, "काकांचा रस्ता नव्यात आला!" मीही उतरवून घेतला आणि बस काढली. कडुलिंब जिथल्या तिथं. तलावात पाणी. गल्लीच्या थांब्यावर उतरले. गॅरेज होतं, गिरणी होती, आप्पांचं घर होतं. जिना होता. मी मोजला. तीन इंच आत. पायऱ्या मोजल्या, त्या दोन जास्त होत्या.

अशा रस्त्यांसोबत बनवणारा एक टिपण देतो, नव्या आवृत्तीत काय काय बदललं त्याचं. साहेबांचं टिपण चांगलं दोन पानी होतं. कुठल्या चौकातला गतिरोधक किती मिलिमीटरनं वाढवला, बसच्या दाराचा आवाज कसा सुधारला, तलावाच्या पाण्याचा रंग, देवदार या परदेशी झाडाबद्दल एक परिच्छेदभर निषेध. आणि सगळ्यात खाली एक ओळ: "याशिवाय मोजणीतील किरकोळ दुरुस्ती केली आहे."

मी काकूंना फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती मला परत वाचायला लावली.

"किरकोळ म्हणलंय?"

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या. "धाकटीच्या गुडघ्याला जाऊन सांगते."